दोन प्रयोग, एक चूल

'प्रयोग' हा आपल्या मराठीतला मोठा उदार शब्द आहे. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत जे घडते तो प्रयोग, आणि तिसरी घंटा होऊन पडदा वर गेल्यावर जे घडते तोही प्रयोगच. एका शब्दाच्या पोटात दोन अगदी निराळे स्वभाव इतक्या सुखाने नांदताना क्वचितच आढळतात. पहिल्या प्रयोगाला फसण्याची मुभा असते. किंबहुना तो फसला म्हणजे पुष्कळदा अधिक शिकवून जातो. दुसऱ्याला ती मुभा नाही, कारण समोर तिकीट काढून माणसे बसलेली असतात. पहिल्यात घडले ते का घडले हे सांगितल्याशिवाय काम पुरे होत नाही. दुसऱ्यात पडद्यामागची दोरी दिसली की रंगाचा बेरंग होतो.

गेली तीसेक वर्षे पश्चिमेकडे, आणि अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतही, पाककलेचा एक नवा संप्रदाय वाढीला लागला आहे. त्याला कोणी प्रायोगिक पाककला म्हणतात, कोणी 'मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी' असे भारदस्त नाव घेतात. रविवारच्या पुरवण्यांतून त्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत: थाळीतून वाहणारा पांढरा धूर, चमच्यात थरथरणारे गोळे, आणि भल्यामोठ्या बशीच्या मधोमध बोटभर फेस. हे पाहून काही जण हरखून जातात, काही जण नाक मुरडतात. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो; रसायनशास्त्रात माझी गती बेताचीच. तरीही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो ते दोन कारणांनी. नव्या कलेविषयी जी भांडणे होतात ती साहित्याच्या प्रांतात मी जवळून पाहिली आहेत. आणि 'असे का?' हा प्रश्न रोज वर्गात मुलांच्या तोंडून ऐकतो. तेव्हा या संप्रदायाला मला एकच विचारायचे आहे: बाबा रे, तुझा प्रयोग यांपैकी कोणता?

उत्तर शोधायला थोडे मागे गेले पाहिजे. लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानप्रसाराची जुनी संस्था आहे. १७९९ साली ती ज्यांच्या पुढाकाराने निघाली ते काउंट रमफर्ड उष्णतेचे मोठे अभ्यासक, पण चुली, भट्ट्या आणि कॉफीची भांडी यांतही त्यांचे डोके तितकेच चाले. बटाटे सुकवण्यासाठी केलेल्या मंद भट्टीत त्यांनी एकदा मांस भाजायला ठेवले. काही तास वाट पाहूनही ते होईना, म्हणून रात्रभर तसेच राहू दिले. आणि सकाळी पाहतात तो ते इतके मऊ व रसाळ झालेले, की तसे पूर्वी कधी चाखले नव्हते. मंद आचेचे हे रहस्य त्यांनी लिहून ठेवले. आज मोठमोठ्या हॉटेलांत पिशवीत बंद केलेले मांस कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवतात, त्याचे हे आजोबाच म्हणायचे.

त्याच संस्थेत १९६९ साली निकोलस कुर्टी यांनी व्याख्यान दिले. विषय होता 'पदार्थवैज्ञानिक स्वयंपाकघरात'. कुर्टी जन्माने बुडापेस्टचे. त्यांची कारकीर्द ऑक्सफर्डमध्ये कमालीच्या थंडीचा पाठलाग करण्यात गेली. १९५६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या सुमारे दशलक्षाव्या भागापर्यंत मजल मारली होती. असा हा माणूस व्याख्यानात सांगू लागला की, शुक्राच्या वातावरणाचे तापमान आपण मोजतो, पण आपल्या सूफ्लेच्या पोटात काय चालते याचा आपल्याला पत्ता नाही, ही आपल्या संस्कृतीला शोभणारी गोष्ट नव्हे. (सूफ्ले म्हणजे अंड्याचा पांढरा भाग फेटून, त्याच्या फेसावर फुगवलेला एक फ्रेंच पदार्थ.) नुसते बोलून ते थांबले नाहीत. बाहेरून बर्फासारखा गार आणि आतून कढत असा एक गोड पदार्थ त्यांनी सूक्ष्मलहरींच्या भट्टीत करून दाखवला. बर्फातले पाण्याचे रेणू जागच्या जागी बांधलेले असतात, म्हणून या लहरींनी ते फारसे तापत नाहीत. द्रवातले मोकळे रेणू मात्र झपाट्याने तापतात. त्यामुळे गोठलेले कवच तसेच राहते आणि पोटातले सारण उकळू लागते. प्रेक्षकांना गंमत वाटली असेल, पण ती कशी झाली हेही त्यांना त्याच दमात कळले. माझ्या दृष्टीने सगळे महत्त्व या शेवटच्या गोष्टीला आहे.

पुढे १९९२ साली सिसिलीतल्या एरिचे नावाच्या डोंगरी गावात शास्त्रज्ञ आणि स्वयंपाकी यांची पहिली सभा भरली. कुर्टी तिचे संचालक होते. 'मॉलिक्युलर अँड फिजिकल गॅस्ट्रॉनॉमी' हे नाव त्या सभेच्या कपाळावर होते. कुर्टी, फ्रेंच रसायनज्ञ एर्वे तीस आणि अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅक्गी ही नावे या संदर्भात सर्वत्र घेतली जातात. पण सभेची मूळ कल्पना धरून पाठपुरावा करणारी व्यक्ती एलिझाबेथ कॉड्री थॉमस ही होती. ती कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी स्वयंपाक शिकवीत असे. नवरा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. त्याच्याबरोबर ती एरिचेला एका परिषदेला गेली होती, तिथे एका शास्त्रज्ञाशी बोलता बोलता हा विषय निघाला आणि तिने तो तडीस नेला. या विद्येच्या जन्माची हकीकत सांगताना तिचे नाव बहुधा गळते. स्वयंपाकघराचा इतिहास लिहिताना स्वयंपाक करणारी वगळली जावी, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

एर्वे तीस यांची कथा तर एखाद्या शाळामास्तराने मुलांना सांगावी अशी आहे. १९८० सालच्या मार्च महिन्यात त्यांनी एका मासिकातली कृती पाहून चीजचा सूफ्ले केला. कृतीत लिहिले होते की अंड्यांचे पिवळे बलक दोन-दोन करून घाला. त्यांना यात काही तथ्य दिसले नाही. त्यांनी सगळे एकदम घातले, आणि सूफ्ले काही जमला नाही. पुढच्या आठवड्यात एकेक घालून पाहिला; तो बरा झाला. दुसरा कोणी असता तर 'कृतीत लिहिले ते खरे' म्हणून मोकळा झाला असता. तीस यांनी वही उघडली. स्वयंपाकाच्या पुस्तकांत 'असे करा, असे करू नका' म्हणून जी बारीकसारीक बजावणी असते, ती त्यांनी टिपायला आणि एकेक करून तपासायला सुरुवात केली. पुढे त्यांच्याकडे अशा हजारो सूचना जमल्या. काही खऱ्या निघाल्या, काही खोट्या, आणि काही कोणाच्या ना कोणाच्या सोयीच्या.

खोट्या निघालेल्या समजुतींत मोठमोठ्यांची नावे अडकलेली आहेत. जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी १८४७ साली असे मांडले की, मांसाला सुरुवातीलाच जोराची आच दिली म्हणजे वर एक कवच धरते आणि आतला रस आतच कोंडला जातो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे म्हणणे म्हटल्यावर ते युरोपभर स्वयंपाक्यांनी उचलले. ते खरे नाही, हे विसाव्या शतकात वजने करून दाखवण्यात आले आणि मॅक्गी यांच्या १९८४ सालच्या पुस्तकाने ते घरोघर पोचवले. खरे म्हणजे त्याला तराजूचीही गरज नव्हती, कान पुरेसे होते. तव्यावर जो चर्रर्र आवाज चालू राहतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. रस कोंडला असता तर तवा गप्प बसला असता. मग जोराच्या आचेने पदार्थ अधिक रुचकर का लागतो? त्याचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णिलेल्या क्रियेत आहे. उष्णतेने प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि शर्करा यांचा संयोग होतो, आणि त्यातून तांबूस रंग व शेकडो प्रकारचे सुगंध उपजतात. लाडवासाठी रवा भाजताना घरभर जो वास सुटतो त्याला आपण 'खमंग' म्हणतो. त्या एका शब्दात मायारसाहेबांची बरीचशी क्रिया येऊन जाते.

हा झाला पहिला प्रयोग. आता दुसऱ्याकडे वळू.

स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात, रोसेस गावाजवळच्या समुद्रकाठी, 'एल बुयी' नावाचे एक हॉटेल होते. फेर्रान आद्रिया हे तिथले मुख्य आचारी. वर्षातले सहाएक महिने ते उघडे असे. उरलेल्या काळात आद्रिया आणि त्यांचे सहकारी नवे पदार्थ शोधीत. हंगामात सुमारे ८,००० जणांना जागा मिळे. मागणी करणारे मात्र २० लाखांच्या घरात असत, असे सांगितले जाई. १९९४ पासून त्यांनी भाज्यांचे, फळांचे फेस वाढायला सुरुवात केली. २००३ साली 'गोळेकरण' आले, आणि २००५ साली त्यांचे प्रसिद्ध द्रव ऑलिव्ह. दिसायला अगदी हिरवे ऑलिव्ह. जिभेवर ठेवून दाबले की पातळ कातडी फुटते आणि ऑलिव्हच्या गाळीव रसाने तोंड भरते.

याची कृती सोपी, आणि म्हणूनच सुंदर आहे. तपकिरी समुद्रशैवालापासून सोडियम अल्जिनेट नावाची पूड निघते. ती पाण्यात विरघळते. पण कॅल्शियम भेटले की तिच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतून त्यांची जेली होते. ऑलिव्हच्या रसात कॅल्शियमचा क्षार मिसळून तो अल्जिनेटच्या पाण्यात अलगद सोडला, की थेंबाभोवती कातडी धरते. कॅल्शियम आतून बाहेर येते, म्हणून कातडी बाहेरच्या अंगाला वाढते आणि पोट द्रवच राहते. उलट केले, म्हणजे अल्जिनेट रसात आणि कॅल्शियम पाण्यात ठेवले, तर जेली आत आत सरकत जाऊन थोड्या वेळाने सबंध गोळाच घट्ट होतो. ही युक्ती मुळात आद्रियांची नव्हे. कारखान्यात खोट्या चेरी करण्यासाठी १९४० च्या दशकातच ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले गेले होते. आद्रियांचे कर्तृत्व असे की, खऱ्याची नक्कल करायला काढलेल्या युक्तीने त्यांनी ऑलिव्हलाच ऑलिव्हचे रूप पुन्हा दिले, आणि खाणाऱ्याला पहिल्यांदाच ऑलिव्ह चाखल्यासारखे वाटायला लावले. ओळखीच्या वस्तूची ओळख मोडून ती पुन्हा नवी करून देणे हे चांगल्या कवितेचे काम. ते एका आचाऱ्याने केले असेल तर त्याला कवी म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही.

त्यांच्यावर जे आक्षेप आले तेही आपल्या ओळखीचे आहेत. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला, तेव्हा 'ही कविताच नव्हे' असे म्हणणारे आपल्याकडे होते. 'हे अन्नच नव्हे' असे म्हणणारे स्पेनमध्ये निघाले. २००८ साली कॅटलोनियातलेच दुसरे नामांकित आचारी सांती सांतामारिया यांनी या पद्धतीवर उघड टीका केली. जेली धरवणारी, घट्टपणा आणणारी ही रसायने ताटात कशाला हवीत, आणि वाढणारा ती खाणाऱ्याला सांगतो का, असा त्यांचा सवाल होता.

या सवालाचे दोन भाग पाडले पाहिजेत. 'रसायने कशाला' या पहिल्या भागात मला दम दिसत नाही. पापडात आपण पापडखार घालतो. ढोकळ्यात सोडा घालतो. चायना ग्रास हीसुद्धा समुद्रशैवालाचीच जेली. आग्र्याचा पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून ठेवतात. का, तर पुढे पाकात शिजताना त्या विरघळू नयेत. निवळीतले कॅल्शियम फोडींतल्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींत गुंतवते आणि फोड कणखर होते. पेक्टिन हे अल्जिनेटचे जवळचे भावंड. म्हणजे एल बुयीच्या ऑलिव्हला कातडी ज्या क्रियेने धरते, तिच्याच बहिणीच्या जोरावर पेठेवाल्यांचा धंदा चालत आला आहे. त्यांना कोणी रसायनवादी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

सवालाचा दुसरा भाग मात्र खरा आहे: खाणाऱ्याला सांगता का? इथे माझ्या मते हा संप्रदाय डळमळतो. गंमत अशी की हे त्याच्या अध्वर्यूंनाही कळले होते. २००६ साली आद्रिया, इंग्लंडचे हेस्टन ब्लूमेंथाल, अमेरिकेचे टॉमस केलर आणि स्वतः मॅक्गी यांनी एक जाहीर निवेदन काढले. 'मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी' हे नाव आमच्या स्वयंपाकाला लावू नका, त्याने आम्ही काय करतो याचे खरे वर्णन होत नाही, असा त्याचा आशय होता. तीस हेही अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत, की कारण शोधणे हे विज्ञान आणि पदार्थ रांधणे ही कला. दोहोंची नावे एक करू नका. थोडक्यात, मूळ माणसांनी दोन्ही प्रयोगांतला भेद ओळखला होता. तो पुसला त्यांच्या मागून आलेल्यांनी.

मागून येणाऱ्यांनी काय उचलले? ऑलिव्हमागचा विचार उचलायला वेळ लागतो. धूर उचलायला लागत नाही. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश असते. त्याने दुधाचे मिश्रण क्षणात गोठते, बर्फाचे कण अगदी बारीक राहतात, म्हणून आइस्क्रीम मुलायम होते. हे त्यातले ज्ञान. अशा अतिथंड द्रवाने, पंगतीतच, आइस्क्रीम करण्याची कल्पना १९०१ साली अॅग्नेस मार्शल या इंग्रज पाकशिक्षिकेने लिहून ठेवली होती. पण त्याच नायट्रोजनचा एक भाग वायू होताना सुमारे सातशे पट फुगतो, हेही ज्ञानच. आणि ते तमाशात मागे राहते. २०१२ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाला धूर निघणारे असे पेय घेतले. तिच्या पोटाला भोक पडले आणि जीव वाचवण्यासाठी जठर काढून टाकावे लागले. पेल्यावरचा धूर सरेपर्यंत थांबायचे असते, ही एक ओळ तिला वेळेवर कळायला हवी होती. कारण न सांगता परिणाम विकला की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या देशाशी या लाटेचा संबंध आहे तो असा. कोलकात्यात जन्मलेले गगन आनंद यांनी एल बुयीत काही काळ उमेदवारी केली आणि २०१० साली बँकॉकमध्ये स्वतःचे हॉटेल काढून दह्याचे गोळे वाढले. ते आशियाभर गाजले. मुंबईत २०१३ साली वांद्रे-कुर्ला संकुलात 'मसाला लायब्ररी' उघडली, आणि जिलेबी तिथे माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांच्या रूपाने अवतरली. मला यात निंदा करण्यासारखे काही वाटत नाही. मात्र झाऱ्यातून बुंदी पाडणाऱ्या हाताला गोल दाण्याचे अप्रूप किती वाटेल, असा एक प्रश्न मनात येऊन जातो.

आणि इथेच मला आपल्या चुलीकडे यावेसे वाटते. कारण पहिल्या प्रयोगाची जागा माझ्या मते तिथे आहे. मागे सातवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले होते, "गुरुजी, डाळ शिजल्यावरच चिंच घालायची, आधी नाही, असं आजी म्हणते. का?" घरी तिला 'असंच करतात' असे उत्तर मिळाले होते. आजीचे म्हणणे खरे आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी सुटत नाही. चिंच किंवा आमसूल आधी पडले की डाळ कितीही उकळली तरी दाणेदार राहते. पण त्याच आजीचे दुसरे म्हणणे, की मीठ आधी लागले तर कडधान्य शिजत नाही, ते तपासणीत टिकत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले कडधान्य उलट लवकर मऊ होते, कारण मिठातले सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते आणि साखळ्यांची पकड सैल होते. आणि बोअरच्या जड पाण्यात डाळ का शिजत नाही? त्या पाण्यात कॅल्शियम असते म्हणून. जे कॅल्शियम पेठ्याची फोड कणखर करते आणि आद्रियांच्या ऑलिव्हला कातडी देते, तेच आपल्या वरणाला आडवे येते. चिमूटभर सोड्याने ते काम होते खरे, पण थायमिन हे जीवनसत्त्व त्यात खर्ची पडते.

या चार ओळी समजल्या तर घरातला गॅस वाचतो, वेळ वाचतो, आणि सुनेने सासूचे कुठले ऐकावे व कुठले विनयाने बाजूला ठेवावे याला काही आधार मिळतो. आपल्याकडे जुन्या ज्ञानाशी वागण्याच्या दोनच रीती रूढ आहेत. एक पक्ष म्हणतो, आजीबाईंना सगळे आधीच ठाऊक होते. दुसरा म्हणतो, त्या साऱ्या बायकी समजुती. दोघांनाही तपासण्याचे कष्ट नकोत. आजीचा खरा मान मला तीस यांच्या वहीत दिसतो: तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यायचे, भांडे चुलीवर ठेवायचे, आणि काय होते ते पाहायचे.

त्या वहीतली एक समजूत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मेयोनेझ म्हणजे अंड्याच्या बलकात थेंब थेंब तेल घोटून केलेले फ्रेंचांचे एक दाट कालवण. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने ते केले तर फाटते, अशी फ्रान्समध्ये जुनी समजूत होती. तीस यांनी ती तपासली आणि ती खोटी ठरली. मेयोनेझ फाटते ते तेल घाईने पडले किंवा तेलाचे कण वेगळे ठेवण्याइतके पाणी त्यात उरले नाही म्हणजे. करणारीच्या देहाशी त्याचा संबंध नाही. हे वाचताना मला आपल्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या. 'तिला शिवू देऊ नका, लोणचे नासेल', हे वाक्य पॅरिसच्या आणि आपल्या कोनाड्यात एकाच सुरात बोलले गेले असावे, याचा मला विलक्षण अचंबा वाटला. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, मीठ कमी पडल्याने, फोडींवर तेलाचा थर न राहिल्याने. बरणी कोणाच्या हातची, हे बुरशीला कळत नाही.

मला ठाऊक आहे, बंदी ही नुसत्या बरणीची काळजी म्हणून घातलेली नसते; तिच्या मुळाशी निराळेच काही असते आणि ते एका प्रयोगाने उपटून निघणारे नाही. पण बंदी घालणारा जेव्हा लोणच्याचे कारण पुढे करतो, तेव्हा निदान ते कारण तरी त्याच्या हातून काढून घेता येते. एका घरातल्या एका मुलीला बरणीचे झाकण स्वतःच्या हाताने उघडता आले, तर त्या उघडण्याला मी प्रायोगिक पाककलेचा फार मोठा विजय मानीन. धुराच्या सगळ्या थाळ्या एका पारड्यात घातल्या तरी ते पारडे वरच राहील.

तेव्हा माझा निवाडा असा. आद्रियांसारख्यांचा प्रयोग हा नाटकाच्या अर्थाने प्रयोग आहे, आणि उत्तम नाटकाला जो मान द्यावा तो त्याला द्यावा. २०११ साली एल बुयी बंद झाले. २०२३ साली ती वास्तू 'एल बुयी १८४६' या नावाने संग्रहालय म्हणून उघडली. तिथे तयार झालेल्या पदार्थांची संख्या तिच्या नावात आहे. नाटक उतरले की नेपथ्य जपून ठेवतात, तसेच हे. कुर्टींचा, तीस यांचा आणि त्या बर्कलीच्या बाईंचा प्रयोग दुसऱ्या जातीचा. त्याला संग्रहालय लागत नाही. तो ज्याच्या हाती पडेल त्याला पुन्हा करून पाहता येतो, आणि तिकीट काढावे लागत नाही. नकलकारांनी पहिल्याचे नाव दुसऱ्याला लावून दोघांचेही नुकसान केले: नाटक शास्त्राचा आव आणू लागले, आणि शास्त्र हे श्रीमंतांच्या जेवणातले कौतुक आहे असे सामान्य माणसाला वाटू लागले.

ते मनातून काढायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. वाचकहो, यंदा चकल्यांची भाजणी मळाल तेव्हा तिचे तीन सारखे भाग करा. एकात नेहमीचे मोहन घाला, दुसऱ्यात निम्मे, तिसऱ्यात दीडपट. बाकी पाणी, मीठ, तिखट, कढई, आच सगळे तेच ठेवा. खूण म्हणून एका भागाच्या चकलीला दोन वेढे द्या, दुसरीला तीन, तिसरीला चार. कुठली कोणती हे करणारीलाच ठाऊक असू द्या. मग घरातल्या लहानथोरांना एकेक चाखायला देऊन कुरकुरीत कोणती, कडक कोणती आणि तेलात विरली ती कोणती, हे त्यांच्याच तोंडून काढा. पिठाच्या कणांभोवती तूप-तेलाचा लेप बसला की ते एकमेकांना घट्ट धरीत नाहीत, म्हणून चकली खुसखुशीत होते. लेप फार झाला की ते अजिबातच धरीत नाहीत, म्हणून ती तेलात सुटते. एवढे कारण शेवटी मुलांना सांगा. आणि एखादा घाणा बिघडलाच, तर तो टाकू नका. बिघडलेली चकली दह्यात कुस्करून चांगली लागते. ती का चांगली लागते, हा पुढच्या दिवाळीचा विषय होईल.